तेरावं स्टूल

ईस्टरनंतरचा पहिला गुरुवार

वासराचं एक कातडं आज चौकटीवरून उतरवलं. चांगलं उतरलं, नितळ, दोन्ही बाजूंनी सारखं. कडेचे तुकडे उरले ते आजवर सरस उकळायला टाकत आले. यंदा म्हटलं, दुसऱ्यांनी लिहावं म्हणून चाळीस वर्षं चर्मपत्रं केली, चार तुकडे आपल्यासाठी ठेवले तर कोण रागावणार आहे?

अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. जुनी लिहिलेली पानं खरवडून कोरी करायला लोक माझ्याकडे आणून टाकत. खरवडण्याआधी ती काय म्हणतात ते बघता बघता वाचायला आलं. नवरा म्हणायचा, "आव्हलीन, तू पुसतेस कमी आणि रेंगाळतेस जास्त." देव त्याला शांती देवो.

लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या बंधुमंडळाच्या पोथीला शेवट नाही, आणि तो मी लिहायचं कबूल करून बसले आहे. तोंडातून शब्द गेला, आता मागे घेता येत नाही.

शनिवार

आम्ही कातडी कमावणारे. आमच्या गल्लीतून जाताना लोक नाकाला फडकं लावतात. पण पेंटेकॉस्टच्या सणाला, पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांनी उतरला त्या दिवशी, आम्ही पोथीतल्या राजाच्या मेजाला बसतो. मंडळाच्या दालनात एक गोल मेज आहे. कातडी भिजत घालायच्या चुन्याच्या मोडक्या हौदाचं झाकण आहे ते, पण गोल आहे. भोवती तेरा स्टुलं, बारांवर आम्ही. तेराव्यावर पांढरं कापड, आणि त्याला वर्षभर कुणी बोटही लावत नाही. पोथीत राजाच्या मेजाला अशीच एक जागा रिकामी आहे. जो निष्कलंक तोच तिथे बसणार, दुसरा बसला तर आग येऊन त्याला गिळणार.

जेवणानंतर मी पोथी वाचते. कोऱ्या ढालीचा सरदार रानोमाळ हिंडतो, विहिरीत जळता दिवा बघतो, नावाड्याशिवाय चालणाऱ्या नावेतून नदी ओलांडतो. शेवटी राजाच्या दालनात येऊन रिकाम्या जागेसमोर उभा राहतो. तिथे पानं संपतात. पुढची कुठल्या उंदरानं खाल्ली देव जाणे. नऊ वर्षं तो बिचारा उभा आहे.

गेल्या वर्षी मंडळाचे प्रमुख गारिन म्हणाले, "आव्हलीनबाई, तुम्हीच का नाही लिहीत शेवट?" सगळे हसले. मी हसले नाही.

दुसरा मंगळवार

आंसो आला होता. ढाली रंगवतो, मंडळात सगळ्यांत धाकटा, म्हणजे चाळिशीचा. पोथीत चित्रं तोच काढणार आहे.

"काकू, ढाल कोरी म्हणजे मी काढू काय? सगळे सरदार असे निघाले तर माझी बायको मला जेवायला घालेल का?"

"कोरी म्हणजे बाप्तिस्मा झालेला आत्मा. पाद्रीबाबांनी सांगितलंय."

"आणि विहिरीतला दिवा?"

"तो देवाचा शब्द. रानातला साधू सांगतो पुढे."

"या रानात झाडं कमी आणि साधू जास्त," आंसो म्हणाला. "माणूस शिंकला तरी एक साधू झुडपातून बाहेर येऊन शिंकेचा अर्थ सांगतो."

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. बाह्या वर करून तो रंग घोटत होता. मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरके, खवल्यांचे चट्टे. मी म्हटलं, "हे काय रे?" त्यानं पटकन बाही खाली ओढली. "रंगाचं विष," म्हणाला. हिरवा आणि पिवळा रंग कातडी खातातच. मी त्याला हंसाच्या चरबीचा मलम दिला.

शुक्रवार

काल शेवट लिहायला घेतला. सरदार बसतो, आकाशातून प्रकाश येतो, देवदूत गातात. आज वाचून पाहिलं. खोटं वाटलं. खरवडलं. खरवडता येतं, आमच्या धंद्याचं हे एक सुख आहे.

रिशो, माझी नणंद, समोरच राहते. वाटाण्याचं कढण घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "वहिनी, काय जळतंय?" बघते तर डावा हात शेगडीच्या कडेला टेकलेला. विचारात होते. मनगटाजवळ चांगला फोड आला आहे. रिशो म्हणाली, "लिहिणारी माणसं अशीच जळून मरतात." मी म्हटलं, चाळीस वर्षं चुन्यात घालून हे हात दगडाचे झालेत, त्यांना काय होतंय!

"भुवयासुद्धा चुन्यानंच खाल्ल्या वाटतं," ती म्हणाली. तिची जीभ म्हणजे माझी खरवडायची सुरी. पण कढण चांगलं होतं.

तिसरा रविवार

मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या अंगणात सगळे गारिनभोवती. आंसोचे चट्टे कुणीतरी बघितले. कुणीतरी म्हणजे गारिनच. शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे नुसते संत लाजराच्या घराकडे बघत होते. नदीपलीकडे महारोग्यांना ठेवतात, ते घर.

आंसोची बायको पेत्रोनी चर्चच्या खांबाला टेकून उभी. तिच्या शेजारी एकही बाई नाही. मी जाऊन तिचा हात धरला. गार पडला होता की नाही सांगता येत नाही, पण तिनं माझा सोडला नाही.

गारिन म्हणाले, "तपासणी होईपर्यंत आंसोनं मेजाला येऊ नये. मेज पवित्र आहे."

मी म्हटलं, "दादा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. हौदाचं झाकण पवित्र झालं, आणि माणूस बाटला?"

"बाई, मी बारा जणांचा विचार करतो."

"आंसो तेरावा आहे का?"

मी सांगून टाकलं, पेंटेकॉस्टला आंसो जागेवर बसला नसेल तर मी वाचणार नाही. नऊ वर्षं उभा आहे तो सरदार, दहाव्यालाही उभा राहील.

घरी आल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले. पण बोलले ते बोलले.

बुधवार

पाद्रीबाबांकडे गेले. त्यांना सरळ विचारलं, रिकाम्या जागेचा अर्थ काय?

"ती यहूदाची जागा. विश्वासघातक्याची. म्हणून अपात्र बसला की आग."

"मग ती प्रभूची का नाही? तो येणार आहे म्हणून जपलेली?"

बाबा भले आहेत, चिडत नाहीत. म्हणाले, "आव्हलीन, अक्रोडाला कवच एक आणि गर एक."

मी मनात म्हटलं, कधी कधी एका कवचात दोन गर निघतात, मी फोडलेत. मोठ्यानं बोलले नाही. बाबांकडून मला अजून पोथीसाठी लाल शाई हवी आहे.

परत आल्यावर चौकटीवर नवं कातडं ताणलं. गाय जिवंत असताना एखादी गोमाशी चावलेली असते, कुणाला दिसतही नाही. दोऱ्या आवळत गेलं की तिथेच डोळ्याएवढं छिद्र उघडतं. आजच्या कातड्याला असं एक निघालं. लेखनिक चांगला असेल तर टाकून देत नाही, छिद्राला वळसा घालून लिहितो. हे पान शेवटासाठी ठेवते.

चौथा शनिवार

दुसरा शेवटही खरवडला. त्यात आग आली होती.

सुई दोनदा हातातून पडली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आखडल्यासारखी वाटतात. वय झालं.

स्वर्गारोहणाच्या आधीचा सोमवार

आजपासून तीन दिवस शेतांना फेरी. क्रूस पुढे, आम्ही मागे, पिकाला आशीर्वाद मागत. आंसो आणि पेत्रोनी सगळ्यांच्या मागे वीस पावलं. मी त्यांच्याबरोबर चालले. रिशो आधी पुढे होती, मग कुरकुरत मागे आली. "मला बायकांच्या घोळक्यात धूळ लागते," म्हणाली. धूळ तर मागेच जास्त असते.

घरी आल्यावर डाव्या पायाच्या जोड्यात खडा सापडला. बोराएवढा. तळव्याला रक्त होतं. दिवसभर चालले आणि कळलं नाही, इतकी मी भांडायच्या तयारीत होते.

बुधवार, तपासणी

नीट लिहून ठेवते.

दालनाच्या अंगणात, दुपारच्या उन्हात. पाद्रीबाबा, गारिन, न्हावी रेमी, आंसो आणि आंसोच्या बाजूनं बोलणारी मी. रेमी जखमा बांधतो, रक्त काढतो, त्यालाच या गोष्टी कळतात. आंसोचे डोळे बांधले. रेमीनं सांगितलं, "मी चट्ट्यांवर सुई टोचीन. टोचली की हो म्हणायचं. महारोग असेल तर चट्टा मुका असतो, टोचलेलं कळत नाही."

"हो!" आंसो ओरडला.

"अजून टोचलीच नाही, बाबा."

"हो! हो!"

असं चार वेळा. भीतीनं त्याला वारासुद्धा टोचत होता. गारिन म्हणाले, "हे काही खरं नाही. ज्याला लपवायचं आहे तोच असा आधीच ओरडणार." पेत्रोनी फाटकाबाहेर रडायला लागली.

मला राहवलं नाही. मी आंसोच्या डोळ्यांवरचं फडकं ओढून काढलं आणि रेमीच्या हातातली सुई घेतली. म्हटलं, "एवढा बाप्या माणूस आणि सुईला घाबरतोस? हे बघ." डाव्या तळहाताच्या कडेला सुई लावली आणि दाबली. "बघ, गेली. काही होत नाही. आणखी गेली. मी म्हातारी साधं हूं म्हणाले का?"

आंसो हसला नाही. मला वाटलं, अजून घाबरलाय. मी आणखी दाबली.

रेमी हळूच म्हणाला, "काकू, थांबा. आता डोळे मिटा."

"माझे कशाला?"

"मिटा ना. त्याला धीर येईल."

मिटले. रेमी म्हणाला, "टोचलं की सांगा." मी वाट पाहिली. माशी घोंगावत होती. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "अरे, सुरू तरी कर." डोळे उघडले. हातात तीन सुया उभ्या होत्या, आणि एक फोडाच्या जागी.

पाद्रीबाबांनी क्रूसाची खूण केली.

मग रेमीनं आंसोला परत टोचलं. आता तो माझ्याकडे बघत होता, सुईकडे त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक टोचणीला बरोबर वेळेवर कळवळला. त्याला रंगच लागला आहे. आंसो मोकळा.

गुरुवार, स्वर्गारोहण

चर्चला गेले नाही. चुनाच असेल.

शनिवार

चुना नाही. रेमीनं काल पायही बघितला. घोट्यापर्यंत मुका आहे.

पोटभर रडले, मग हौदातली कातडी उलटी केली. ती कुणासाठी थांबत नाहीत.

मेजाला आंसोची जागा राहावी म्हणून भांडले आणि माझीच गेली. पण भांडले त्याचा पस्तावा नाही. पुन्हा भांडीन. आंसो दारात येऊन बसतो, आत यायची त्याला बंदी आहे. सारखा म्हणतो, "काकू, तुम्ही सुई घ्यायला नको होती." मी म्हटलं, "मग काय तुला ओरडत ठेवायचं होतं? कान किटले होते आमचे."

मंगळवार

गारिन अंगणाबाहेर उभे राहून बोलले. वाईट माणूस नाही, डोळे लाल होते. महारोग्याला गावातून वेगळं काढायचा विधी पेंटेकॉस्टनंतरच्या सोमवारी. मग मी नदीपलीकडे. पेंटेकॉस्टला दालनाच्या उंबरठ्याच्या आत यायचं नाही.

"उंबरठ्याच्या बाहेर चालेल ना?"

"म्हणजे?"

"खिडकी आहे. अंगण आहे. आंसो बसला तर वाचीन असा शब्द दिला होता मी. आंसो बसणार आहे ना?"

"बसणार आहे."

"मग वारा कुठल्या बाजूनं वाहतो तेवढं सांगा, त्याच्या खालच्या अंगाला उभी राहीन. आवाज माझा मोठा आहे."

गारिननी टोपी काढून वाऱ्यात धरली. मग म्हणाले, "पूर्वेकडून वाहतो, बाई. या दिवसांत पूर्वेकडूनच."

शुक्रवार

शेवट झाला. छिद्राच्या पानावरच लिहिला, वळसा घालून. इतके दिवस मी त्या सरदाराला उभा ठेवून अर्थ शोधत होते. यहूदाची जागा की प्रभूची, कवच की गर. परवापासून माझा पाय सुजलाय, जास्त उभं राहवत नाही. तेव्हा सुचलं. एवढी नदी, एवढं रान तुडवून आलेला माणूस दमलेला असणार. बसू दे त्याला.

आंसोनं ढाल काढली, कोरीच. पण कडेनं इतकी बारीक सोनेरी रेघ ओढली आहे की पान हललं की ती चमकते. त्याला काही बोलले नाही, नाहीतर त्यानं आणखी केलं असतं.

पेंटेकॉस्ट

चर्चमध्ये अग्नीच्या जिभा म्हणून छतातून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, असं रिशोनं सांगितलं. मी फाटकापाशी होते. दोन उडत बाहेर आल्या.

दुपारी दालनाच्या अंगणात, खिडकीपासून ठरल्याप्रमाणे सात पावलं लांब, पश्चिमेच्या अंगाला उभी राहिले. आत मेज दिसत होतं. आंसो त्याच्या जागी. माझ्या जागेवर मंडळानं रिशोला बसवलं होतं, घराण्याची म्हणून. तेराव्यावर पांढरं कापड.

वाचायला लागले. विहीर झाली, दिवा झाला, नाव पैलतीराला लागली. आत कुणी चमचा वाजवत नव्हतं. पाय दुखत असणार, कारण गुडघा आपोआप वाकत होता. मी एका हातानं अंगणाची भिंत धरली. नेहमीच्या ठिकाणी आले, सरदार रिकाम्या जागेसमोर उभा. पान उलटायला गेले तर डाव्या हातातून पोथी निसटली. उचलायला वाकले आणि तशीच राहिले. उठवेना.

आतून रिशोचा आवाज. "तिला उभी कसली करता रे? सत्तरीची बाई ती. अरे, एक स्टूल द्या कुणीतरी!"

कोण उठणार? सगळे बसलेले. सगळे एकमेकांकडे बघताहेत.

"बसा तुम्ही, बसा! बूड चिकटलंय प्रत्येकाचं," असं म्हणत ती उठली. सगळ्यांत जवळ मोकळं होतं ते स्टूल तिनं एका पायाला धरून ओढलं. पांढरं कापड सरकून जमिनीवर पडलं. पाद्रीबाबा अर्धे उठून म्हणाले, "रिशो, ते नव्हे, ते..." ती कसली ऐकते. स्टूल दारातून आडवं काढताना चौकटीला ठण्णकन आपटलं. सरळ माझ्याजवळ येऊन तिनं ते टेकवलं. सात पावलांचा नियम सांगायलाही मला वेळ दिला नाही.

"वहिनी, बसा. आणि पुढचं वाचा, माझं कढण गार होतंय."

बसले. मला घाईनं पान सापडेना. पेंटेकॉस्टच्या दिवशी भर मंडळीत पान हरवलं याची इतकी लाज वाटली! मान वर केली तर आतले सगळे जण खिडकीशी उभे, पाद्रीबाबा सगळ्यांत पुढे. मी म्हटलं, "थांबा हो, सापडतंय." सापडलं.

'सरदार बसला,' मी वाचलं. 'आग आली नाही.'

पुढे आणखी पानभर आहे, पण ते वाचताना लोकांचं लक्ष नव्हतं. फाटकापाशी पेत्रोनी रडत होती, आत गारिनसुद्धा. शेवट इतका लागेल असं मला वाटलं नव्हतं. नऊ वर्षं खोळंबले होते, म्हणून असेल.

सोमवार

विधी झाला. गावाला मी आता मेल्यात जमा, म्हणून काळ्या कापडाखाली उभं राहून आपल्याच मर्तिकाची मिस्सा ऐकली. बाबांचा आवाज दोनदा अडला, तेव्हा पुढचा शब्द मी कापडाखालून सांगितला. पाठ आहे मला. मग पायांवर मूठभर माती. उजव्या पायाला ओली लागली. डाव्याचं माहीत नाही.

हातमोजे दिले, लाकडी वाटी दिली, आणि लोकांनी बाजूला व्हावं म्हणून वाजवायची खुळखुळ्यासारखी टाळी दिली. आंसोनं त्या टाळीला रंग दिला आहे. लाल. म्हणाला, "कोरी ठेवणार होतो, पण तुम्ही काही सरदार नाही, काकू. तुम्हाला रंग हवा."

संत योहानाचा दिवस, नदीपलीकडे

इथे सहा जण आहेत, माझ्यासकट सात. बऱ्या स्वभावाचे, थोडे रडे. एक जण सकाळपासून विचारतोय, चर्मपत्र कसं करतात. चुना मागवला आहे. हात मुके असले तरी डोळे आणि तोंड शाबूत आहे, शिकवता येईल.

रिशो काल नदीच्या गावाकडच्या काठावरून ओरडून बातम्या सांगून गेली. मेजाशी ती जागा तशीच मोकळी सोडली आहे म्हणे, नवं स्टूल गारिननी करू दिलं नाही. आंसो येताजाता तिकडे बघतो. आणि जुनं स्टूल, मी बसल्यामुळे परत नेता येईना, म्हणून गारिननी स्वतः नावेतून आणून काठावर ठेवलं. पांढरं कापडही घडी करून वर.

कापडाची मी पट्ट्या कापून जखमांना फडकी केली. स्टुलाची इथे गरजच होती. जेवायला सहाच होती, मी आल्यापासून सातवा माणूस रोज उभ्यानं जेवायचा.